ओला रंग आणि थंड गॅस

आमच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यासमोर पांढरी, लांबलचक, आतून गारेगार गाडी येऊन उभी राहिली, तेव्हाच मला पहिली शंका आली. आमच्याकडे सरकारी साहेबसुद्धा फाट्यावर उतरतात आणि खड्ड्यांना शिव्या देत पुढे येतात. ही गाडी थेट दारात आली. चालकाने उतरून दार उघडलं आणि सुमनताईंच्या हातातली पिशवी अदबीने घ्यायला गेला. सुमनताईंनी ती छातीशी धरली. "राहू दे रे. सुकट हाय त्यात. तुमच्या गाडीला वास लागंल," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघं नवी मुंबईला निघालो होतो, आणि आमचा खर्च एक कंपनी करत होती. कारण सरळ होतं. आमच्या खाडीच्या मुखाशी त्या कंपनीला द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल बांधायचं आहे. हा वायू परदेशात इतका थंड करतात की तो पाण्यासारखा पातळ होतो, आणि सहाशे पिंपांतला वायू एका पिंपात मावतो. मग तो जहाजातून येतो, धक्क्यावरच्या मोठ्या टाक्यांत उतरवतात, गरम करून त्याचा पुन्हा वायू करतात आणि पाइपाने पुढे सोडतात. जनसुनावणी व्हायची होती. गावात दोन तट पडले होते. त्यावर कंपनीने निरोप धाडला की तुमची तीन माणसं पाठवा, आमचं डिझाइन बघा, चालू असलेला एक लहान डेपो बघा आणि मग काय ते बोला.

ग्रामसभेने सुमनताईंना निवडलं, कारण मासळी विकणाऱ्या बायकांचा गट त्यांच्या शब्दाबाहेर नाही. हसनभाईंना निवडलं, कारण बंदरावरच्या होड्यांपैकी सगळ्यात जुनी त्यांची आणि खाडीची वाट त्यांना झोपेतही सापडते. मला निवडलं ते बर्फामुळे. माझा कारखाना अमोनियावर चालतो. थंड पाइप, झडपा आणि गळती यांत माझं आयुष्य गेलं आहे. थंडीची यंत्रं कधी खरं बोलतात आणि कधी पाहुण्यांसाठी तोंड धुऊन बसतात, ते मला कळतं असं गावाला वाटतं. वाचनालयाच्या मंडळींनी हा प्रवास लिहून काढायला सांगितलं, म्हणून लिहितो आहे.

घाट चढून आम्ही महामार्गाला लागलो. चालक दर तासाला विचारायचा, चहा घेणार का, पाणी हवं का, एसी कमी करू का. हसनभाई माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बकऱ्याला पन ईदच्या आधी असाच चारा घालतात." मी हसलो, पण पुढच्या थांब्यावर चहा घेताना मला ते आठवत राहिलं.

पनवेल मागे पडलं आणि खारघरच्या डोंगराखाली इमारतींची रांग दिसू लागली. डोंगर हिरवा, आणि त्याच्या पायथ्याशी त्याच्याइतक्याच उंच व्हायला निघालेले मनोरे. सुमनताईंनी काचेला नाक लावून विचारलं, "एवढ्या वर पानी कसं चढवत असतील?" चालक म्हणाला, "पंपाने, ताई." "आणि लाइट गेली मग?" त्यावर त्याने एसीचं बटण फिरवलं.

बेलापूरच्या हॉटेलात कंपनीचे जनसंपर्क अधिकारी निमकर वाट बघत होते. पन्नाशीचे, गोरे, बोलणं मधात बुडवलेलं. प्रत्येकाला त्यांनी फुलांचा गुच्छ दिला. हसनभाईंना तो कुठे धरावा कळेना, म्हणून त्यांनी तो काखेत मारला. जेवायला खास आमच्यासाठी म्हणून कोकणी ताट होतं. सोलकढी चांगली होती. पापलेट मात्र सुमनताईंनी बोटाने दाबून बघितलं आणि ताटाच्या कडेला सरकवलं.

"काय झालं, ताई? तिखट आहे का?" निमकरांनी विचारलं.

"तिखट नाय. शिळं हाय. वर मसाला ताजा लावलाय."

निमकर मोठ्याने हसले आणि त्यांनी वाढप्याला बोलावून दुसरं ताट मागवलं. सुमनताईंनी आमटीभात खाल्ला.

जेवणानंतर आम्ही फिरायला जायचं म्हटलं तर निमकर लगेच गाडी द्यायला निघाले. आम्ही नको म्हटलं आणि रिक्षाने सीवूड्सला गेलो. स्टेशनच्या डोक्यावरच मोठा मॉल आहे. आत थंडी, उजेड आणि अत्तराचा वास. सुमनताई दारातूनच परत फिरल्या. बाहेर रस्त्याच्या कडेला एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, तिच्यापाशी त्या उकिडव्या बसल्या. पाच मिनिटांत दोघी अशा बोलू लागल्या की जणू माहेरच्या ओळखीच्या. बाई तिथल्याच खाडीकाठच्या गावातली होती.

"हितं आमचा आगर होता," मॉलकडे हात करून ती म्हणाली. (आगर म्हणजे मिठागर.) "पलीकडं बाबा जालं टाकाचा. आता पानी पन येत नाय तिथं."

"सांगायला आले होते का कोण आधी?" सुमनताईंनी विचारलं.

"आलते ना. ग्वाड बोलत होते. माझे आयशीनं च्या पाजला त्यांना. म्हावरा (मासळी) कुठं जाल, ह्यो कोनी इचारलाच नाय. नाय इचारला, मंग त्यांनी पन नाय सांगला."

सुमनताईंनी तिच्याकडून बोंबील घेतले. हॉटेलात त्यांचं काय करणार होत्या कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी निमकर आम्हाला बेलापुरातल्याच एका काचेच्या इमारतीत घेऊन गेले. वरच्या मजल्यावर डिझाइनचं ऑफिस. लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर दोन-दोन पडदे, आणि पडद्यांवर पाइपांची जाळी. एवढी माणसं पण आवाज नाही. मला कारखान्यात आवाजाची सवय. जिथे यंत्रं बनतात तिथे इतकी शांतता बघून मला बरं वाटलं नाही.

आम्हाला समजावून सांगायला शेलार मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील, केस घट्ट बांधलेले, पायात साधे बूट. टर्मिनलच्या सुरक्षेचं डिझाइन त्यांच्या टीमकडे होतं. कोपरखैरण्याला राहतात, वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात हमाली करून मुलींना शिकवलं, हे सगळं सुमनताईंनी त्यांच्याकडून चहा येईपर्यंत काढून घेतलं होतं. मला मात्र त्यांची एक गोष्ट खटकली. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी त्या एक क्षण निमकरांकडे बघायच्या. शाळेत पोरं कॉपी करताना मास्तर कुठे आहे ते बघतात, तसं.

पडद्यावर त्यांनी टाकी उघडून दाखवली. एका टाकीच्या आत दुसरी टाकी. आतली खास पोलादाची, कारण साधं पोलाद उणे एकशे बासष्ट अंशाला काचेसारखं तडकतं. बाहेरची काँक्रीटची, जाड. मध्ये थंडी अडवणारा भुसभुशीत दाण्यांचा थर. आतली टाकी फुटलीच तर सगळा द्रव बाहेरच्या टाकीने धरून ठेवायचा.

"पाइप कुठून आत जातो?" मी विचारलं.

या वेळी त्यांनी निमकरांकडे बघितलं नाही. "वरून. सगळे पाइप छपरातून. टाकीला बाजूला किंवा खाली एकही भोक नाही. खाली झडप असेल तर ती कधीतरी गळणार. म्हणून झडपच नाही ठेवायची."

हे मला पटलं. माझ्या कारखान्यात जे काही गळलं आहे ते झडपेतून नाहीतर सांध्यातूनच गळलं आहे. पण पटलं म्हणून मी सैल झालो नाही. ज्या भागात खोट नाही तो भाग कुणीही आनंदाने दाखवतो.

मग त्यांनी गळती झाली तर काय होतं ते दाखवलं. हा वायू थंड असताना हवेपेक्षा जड असतो. धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो आणि वारा नेईल तिकडे जातो. गरम होत गेला की हलका होऊन वर निघून जातो. पण त्याआधी वाटेत ठिणगी मिळाली तर पेटतो. म्हणून जिथे गळती होऊ शकते तिथे उतार देऊन द्रव एका खड्ड्यात गोळा करायचा, ठिकठिकाणी वायू ओळखणारी यंत्रं बसवायची, आणि त्यांनी इशारा दिला की झडपा आपोआप बंद व्हायच्या.

"वास येतो का याला?" मी विचारलं.

"नाही. घरच्या सिलिंडरमध्ये वास मुद्दाम मिसळतात. याला काहीच वास नसतो."

अमोनिया नाकात घुसतो, डोळ्यांतून पाणी काढतो, माणसाला उठवून पळवतो. तो क्रूर असला तरी लपत नाही. हा वायू गुपचूप येणारा होता. म्हणजे त्याचं सगळं राखणं त्या यंत्रांवर. मी तेवढं मनात घट्ट बांधून ठेवलं.

हसनभाई इतका वेळ पडद्यावरची आमची खाडी बघत होते. गाव म्हणून तिथे काही करडे ठोकळे होते. देऊळ नाही, मशीद नाही, मासळी वाळवायची जागा नाही. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "जहाज येईल तेव्हा आमच्या होड्या?"

"जहाज आत येताना आणि बाहेर जाताना थोडा वेळ खाडी मोकळी ठेवावी लागेल," निमकर पुढे होऊन म्हणाले.

"थोडा म्हंजे किती? ओहोटी थांबणार हाय काय तवर?"

निमकर म्हणाले की त्याचा विचार नक्की होईल. शेलार मॅडमनी खाली बघितलं. मला वाटलं, या बाईंना उत्तर ठाऊक आहे आणि त्या ते देणार नाहीत. त्या क्षणापासून माझा निमकरांपेक्षा त्यांच्यावरच जास्त संशय बसला. गोड बोलणाऱ्या माणसापासून जपून राहायचं हे कुणालाही कळतं. हुशार आणि गप्प माणसाचं काही सांगता येत नाही.

दुपारी निमकर आणि शेलार मॅडम यांच्यासोबत आम्ही तळोज्याच्या औद्योगिक भागात गेलो. मोठं टर्मिनल जवळ नव्हतं, पण तिथे दुसऱ्याच एका कंपनीचा लहान डेपो होता. टँकरमधून थंड द्रव येतो, उभ्या टाकीत साठतो आणि वायू होऊन आजूबाजूच्या कारखान्यांना जातो. तत्त्व तेच, आकार लहान. फाटकावर आमचे मोबाइल आणि हसनभाईंची काडेपेटी काढून घेतली. हसनभाईंचा गुडघा सकाळपासून दुखत होता, तेव्हा ते चालकासोबत गाडीतच बसले. गाडी फाटकाच्या आतल्या बाजूला, भिंतीलगत उभी होती.

आत मी थोडा वेळ सगळं विसरलो. ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या जडवलेले उंच खांब होते. त्यांतून थंड द्रव जातो, बाहेरच्या हवेच्या उबेने तापतो आणि त्याचा वायू होतो. ना आग, ना कोळसा. खांबांवर हातभर जाडीचं पांढरं हिव साचलं होतं आणि त्याच्यावरून धुकं खाली सांडून पायांशी पसरत होतं. एवढ्या उन्हात. सुमनताईंनी पदर आवळून घेतला. मी इतक्या वर्षांत इतकी सुंदर थंडी पाहिली नव्हती.

मग मला रंगाचा वास आला.

पाइपांवर पिवळा रंग होता, चकचकीत. कुणी बघत नाही असं पाहून मी एका सांध्याला बोट लावलं. बोट पिवळं झालं. नटबोल्टांवरसुद्धा रंग. कामाच्या यंत्रावर नटांवर कुणी रंग मारत नाही, कारण ते उघडायचे असतात. हा रंग यंत्रासाठी नव्हता. तो आमच्यासाठी होता.

मी आता नीट बघायला लागलो. खांबांच्या पलीकडे, पाइप जिथे बाहेर पडत होता तिथे, एका लोखंडी दांड्यावर मुठीएवढं यंत्र बसवलेलं होतं. त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून दोरीने घट्ट आवळलेली होती.

"हे काय आहे?" मी डेपोवरच्या कामगाराला विचारलं. त्याचं नाव म्हात्रे, जवळच्याच गावचा, पन्नाशीचा माणूस.

त्याने आधी निमकरांकडे बघितलं. मग म्हणाला, "गॅस ओलकायचा हाय तो. रंगाचे वासानं वाजत बसतंय, म्हनून बांदून ठेवलाय."

"रंग कधीपासून चालू आहे?"

"परवापासनं."

"आणि त्याच्या आधी वाजत नव्हतं?"

निमकर मध्ये पडले. "तांत्रिक बाब आहे. रंगाचं काम चाललं की तसं करतात. चला, तिकडे नियंत्रण कक्ष बघू."

पण शेलार मॅडम त्या पिशवीसमोर उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा मी सकाळपासून वाचायचा प्रयत्न करत होतो, आणि आता तो वाचायची गरजच उरली नव्हती. त्यांना राग आला होता.

"म्हात्रे, आधी वाजायचं का?" त्यांनी विचारलं.

"अदीमदी वाजाचं. साहेब बोलले मशीन खराब हाय, दुसरं येनार."

"रंग मारताना झाकावं लागतं, ते ठीक. पण मग इथे कुणीतरी हातातला मीटर घेऊन उभं राहायला पाहिजे. कोण होतं?"

"कोनी नाय."

"नंतर बघू हे," निमकर म्हणाले. त्यांच्या आवाजातला मध संपला होता.

"आत्ता बघू," शेलार मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दोरीची गाठ सोडली.

काही वेळ काहीच झालं नाही. निमकर हसून काहीतरी बोलणार इतक्यात भोंगा वाजायला लागला. खांबावरचा तांबडा दिवा फिरू लागला. म्हात्रेने धावत जाऊन भिंतीवरचं मोठं लाल बटण दाबलं आणि कुठेतरी झडपा बंद झाल्याचा ठक ठक आवाज आला. त्याचं हे काम मात्र चोख होतं.

निमकरांनी सुमनताईंचा दंड धरला आणि त्या दोघांच्या मागे मीही फाटकाकडे धावू लागलो. पळायचं तर फाटकाकडेच, दुसरं काही सुचतच नाही. निमकर धावता धावता ओरडले, "गाडी चालू कर, गाडी."

"फाटकाकडे नको," मागून शेलार मॅडमचा आवाज आला. "वारा बघा. गाडी चालू करू नका."

मी वर बघितलं. टाकीच्या शेंड्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी लावलेली होती. ती फुगून थेट फाटकाकडे बोट दाखवत होती. आम्ही वाऱ्याबरोबर, त्या न दिसणाऱ्या वायूच्याच वाटेने पळत होतो. आणि त्या वाटेच्या टोकाला गाडी होती, आणि चालकाचा हात किल्लीवर.

गाडीत हसनभाई होते. त्यांनी नंतर मला सांगितलं की निमकर काय ओरडले ते त्यांना कळलं नाही, पण बाईंचं "चालू करू नका" कळलं. समुद्रावर दोन माणसं दोन गोष्टी ओरडली तर ते नेहमी थांबायला सांगणाऱ्याचं ऐकतात. त्यांनी चालकाच्या हातावर हात दाबला आणि किल्ली काढून खिशात टाकली. चालक चिडला. हसनभाई त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आले, आणि आम्ही सगळे वळून बाजूच्या कुंपणाकडून वारा जिकडून येत होता त्या अंगाला जाऊन उभे राहिलो. सुमनताईंची चप्पल वाटेत राहिली होती. त्या सिमेंटच्या तापलेल्या कट्ट्यावर अनवाणी उभ्या होत्या.

भोंगा थांबल्यावर शेलार मॅडम आणि म्हात्रे हातातला मीटर घेऊन आत गेले. बऱ्याच वेळाने परत आले. मॅडमनी मला खूण करून बोलावलं आणि दाखवलं. पाइपाच्या एका सांध्यावर साबणाचं पाणी मारलेलं होतं आणि तिथून बारीक बुडबुडे उगवत होते, आत उरलेला वायू बाहेर पडत होता. त्यावरचा पिवळा रंग फुगून आला होता. म्हणजे यंत्र खराब नव्हतं. ते खरं बोलत होतं म्हणून त्याचं तोंड बांधलं होतं.

"किती गंभीर होतं हे?" मी विचारलं.

"लहान गळती. पेटण्याच्या पातळीच्या बरंच खाली. बहुतेक काही झालं नसतं."

त्या 'बहुतेक' शब्दाशी मी अडलो. त्यांच्याही ते लक्षात आलं. "मी याहून जास्त पक्कं सांगितलं तर ते खोटं होईल," त्या म्हणाल्या.

निघण्याआधी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर निमकर आमच्या जवळ आले. त्यांनी आमची विचारपूस केली, सुमनताईंसाठी नवी चप्पल मागवली, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "हे आपल्यातच राहू दे. हा डेपो आमचा नाही, आणि लोक उगीच घाबरतात. तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोलतो."

सुमनताईंनी चप्पल घातली नाही. "मला माझीच आणून द्या," त्या म्हणाल्या. म्हात्रेने ती शोधून आणली.

शेलार मॅडम आमच्याच गाडीतून कोपरखैरण्यापर्यंत आल्या. निमकर दुसऱ्या गाडीत होते, म्हणून मी सकाळपासून मनात असलेलं विचारलं. "सकाळी प्रत्येक उत्तराआधी तुम्ही त्यांच्याकडे का बघत होता?"

"काय बोलायचं नाही ते आधी सांगितलेलं असतं," त्या म्हणाल्या. "खाडीचं उत्तर मला माहितीये. जहाज असेल तेव्हा होड्या बऱ्याच वेळ अडतील. भरती-ओहोटीचा विचार त्यात नाही केलेला. हे सुनावणीत विचारा, लेखी विचारा. मला विचारलं तर मी तेच सांगेन."

"आणि आमचं टर्मिनल? ते सुरक्षित आहे का?"

"डिझाइन चांगलंय. मी केलंय म्हणून नाही म्हणत. पण डिझाइन रोज सकाळी ड्यूटीवर येत नाही. माणसं येतात."

कोपरखैरण्याच्या नाक्यावर त्या उतरल्या. दाटीवाटीची चाळवजा घरं, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, शाळेतून येणारी पोरं. त्या गर्दीत त्यांची पाठ लगेच दिसेनाशी झाली. नोकरीवर त्यांना याचं काय भोगावं लागेल, हे मी विचारलं नव्हतं, आणि ते मला उशिरा सुचलं.

परतीच्या वाटेवर, माणगावच्या पुढे, हसनभाईंनी ते बोलून टाकलं.

"आनि हे पन नाटक असेल तर?"

"कसलं नाटक?"

"बाईंनी पिशवी काढली, भोंगा वाजला, सगळे वाचले. आता आपन गावात जाऊन काय सांगनार? की कंपनीची बाई किती सच्ची हाय. मग लोक म्हननार, अशी मानसं असतील तर येऊ दे टर्मिनल."

"हसनभाई, तुम्ही स्वतः किल्ली काढलीत."

"म्हनून तर विचारतो. माझ्याकडूनच काम करून घेतलं असेल तर मला कसं कळंल?"

सुमनताई वैतागल्या. "म्हात्रेचं तोंड बघितलंत काय? त्याला काय नाटक येतंय?" मलाही ते नाटक वाटत नव्हतं. फुगलेल्या रंगाखालचे बुडबुडे कुणी ठरवून आणू शकत नाही, असं मी म्हणालो. पण हसनभाईंचा प्रश्न मला पुढे खूप वेळ सोडेना. माझं बोट अजून पिवळं होतं. ज्याचं सगळं जगणं बंदरावर आहे तो माणूस परक्याच्या सच्चेपणावर सहज विश्वास ठेवू शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. मीही शेलार मॅडमवर सकाळी संशय घेतला होता, आणि तो चुकला होता. निमकरांवर घेतला होता, तो बरोबर निघाला. संशय घेणारा माणूस काही दर वेळी शहाणा नसतो. पण मी संशय घेतला नसता तर त्या दांड्यापाशी थांबलोच नसतो.

"एक सांगा," सुमनताई गाडीच्या अंधारात म्हणाल्या, "आपन येनार म्हनून रंग लावला ना?"

"हो."

"मग आपन न सांगता गेलो असतो तर?"

चालक आरशातून आमच्याकडे बघत होता.

ग्रामसभेत मी सगळं सांगितलं. टाकी सांगितली, तिचं कौतुकही सांगितलं, कारण ते खरं होतं. पिशवी सांगितली, वारा सांगितला, किल्ली सांगितली. हसनभाईंनी त्यांची शंका स्वतः उठून सांगितली. मग कुणीतरी विचारलं, "म्हणजे हो म्हणायचं की नाही?" मी म्हणालो की मला ते ठरवता आलेलं नाही. लोक नाराज झाले. त्यांनी आम्हाला उत्तर आणायला पाठवलं होतं.

उत्तर सुमनताईंनी दिलं. त्या म्हणाल्या, टर्मिनल झालं तर गावातल्या दोन माणसांना कुठल्याही दिवशी, न सांगता आत जाऊन बघायचा हक्क पाहिजे. आणि होड्यांची वेळ ओहोटीप्रमाणे ठरली पाहिजे. हे दोन्ही लिहून देत नाहीत तोवर गावाची संमती नाही. हात वर झाले. विरोधातल्यांचेही झाले.

काही आठवड्यांनी निमकर गावात आले. या वेळी त्यांच्यासोबत शेलार मॅडम नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाले, त्या आता दुसऱ्या प्रकल्पावर आहेत. मी बेलापूरच्या ऑफिसात फोन केला होता, तिथेही हेच सांगितलं. त्या खुशीने गेल्या की पाठवल्या, ते मला अजून समजलेलं नाही.

देवळासमोरच्या मांडवात सगळे जमले होते. निमकर उभे राहिले, गावाच्या जागरूकतेचं त्यांनी कौतुक केलं आणि म्हणाले की कंपनीने गावाचं म्हणणं मान्य केलं आहे. होड्यांच्या वेळेसाठी समिती नेमली जाईल. आणि गावातली दोन माणसं कधीही टर्मिनल बघायला येऊ शकतील. टाळ्या वाजल्या. हसनभाईंनीही वाजवल्या.

"फक्त एक करा," निमकर हसून म्हणाले, "यायच्या आदल्या दिवशी आम्हाला एक फोन करा. बाकी काही नाही."

टाळ्या हळूहळू थांबल्या. मी सुमनताईंकडे बघितलं. त्या मागच्या रांगेत बायकांबरोबर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, त्यांनी आवाजही चढवला नाही.

"एका दिवसात रंग वाळतो काय ओ, साहेब?" त्यांनी विचारलं.